राखीव यादीतली बचावपटू

2022 च्या महिला हॉकी विश्वचषकाचा भारतीय संघ जाहीर झाला, तेव्हा फलटणकडची अक्षता ढेकळे राखीव यादीत राहिली. बचावपटू म्हणून चौघीच होत्या: दीप ग्रेस एक्का, गुरजित कौर, निक्की प्रधान, उदिता. गुरजित तर पेनल्टी कॉर्नरवरचा हुकमी हात. यातल्या कुणाला वगळायचं? आघाडीच्या नव्या पोरीला चार मिनिटं मैदानात सोडून पाहता येतं. मागे तसं करायला प्रशिक्षक धजावत नाहीत, कारण तिथली चूक थेट गोलफलकावर उमटते. आपल्या कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरही, फुटबॉल असला तरी, गोल मारणाऱ्याला खांद्यावर घेतात आणि बचावातल्या पोराचं नाव तो चुकल्यावरच ऐकू येतं. कंबरेत वाकून, स्टिक टर्फला टेकवून, समोरचीचा चेंडू सुटेपर्यंत मागे सरकत राहायचं आणि घाईनं झडप घालायची नाही, हा संयम सरावात येतो, पण पक्का होतो तो मोठ्या सामन्यांतच. म्हणून अक्षतासारख्या मुलींना नुसतं शिबिरात ठेवणं मला पटत नाही. दुय्यम संघाचे परदेश दौरे वाढवा आणि तिथं त्यांना पूर्ण साठ मिनिटं खेळवा.