आई ‘ठेसन’ म्हणते, म्हणून काय बिघडलं?



आजचा विषय पाठ्यपुस्तकातला नाही, पण भाषेच्या तासाचाच आहे. आपल्यापैकी जे तिशी-चाळिशीत आहेत त्यांनी जरा आठवून बघा, आईवडिलांच्या तोंडचा कोणता शब्द ऐकला की तुमच्या कपाळाला आठी पडते? प्रत्येकाचा एक तरी असतोच. कुणाचे वडील ‘टायम’ विचारतात, कुणाची आई ‘शिलेंडर’ संपल्याचं सांगते, मोबाइलचा ‘रिचार’ मारायला लावते, दवाखान्यातून ‘इंजिक्शन’ घेऊन येते. माझ्या माहितीतल्या पुण्यात नोकरी करणाऱ्या एका मुलाने आईला ‘व्हॉट्सॲप’ म्हणायला शिकवण्यात दिवाळीची अर्धी सुट्टी घालवली. ती आपली ‘वाट्सप’वर ठाम. शेवटी तो चिडला आणि ती गप्प झाली.

हे गप्प होणं मला टोचतं, म्हणून हा लेख.

मुलाला वाटतं आपण चूक सुधारतोय. पाहुण्यांसमोर, दुकानात, सोसायटीच्या लिफ्टमध्ये “अगं आई, स्टेशन म्हण, ठेसन नाही” असं हसत हसत सांगतो. आईच्या कानावर मात्र दुसरंच पडतं, की चार लोकांत आपण बोललो की पोराला कमीपणा येतो. मग ती आधी तो शब्द टाळते. मग तो शब्द येईल अशी वाक्यं टाळते. मग मुलाच्या घरी गेली की इंटरकॉम वाजला तरी उचलत नाही, “तूच बोल बाबा” म्हणते. आणि आपण सगळ्यांना सांगतो, “आईला शहरात करमत नाही.”

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. पालकसभेत मागच्या ओळीत पदर सावरून बसणाऱ्या आया तुम्हीही पाहिल्या असतील. सभेत नुसती मान हलवतात, आणि सभा संपल्यावर वऱ्हांड्यात चपला घालताना भरभरून बोलतात. मूल रात्री दचकून उठतं, वडिलांना घाबरतं, डब्यातली भाजी परत आणतं. सगळी खरी माहिती त्या वऱ्हांड्यात मिळते. एकीला विचारलं, “ताई, हे आत का नाही बोललात?” तर म्हणाली, “मॅडम, माझं बोलणं आडाणी. मोठी पोरगी म्हणते, तू सभेत तोंड उघडू नको.” मोठी पोरगी म्हणजे कॉलेजातली. धाकट्याचं नुकसान थोरलीच्या लाजेमुळे होतंय, आणि त्या दोघींनाही ते कळत नाही.

आता जरा उच्चारांकडेच बघू, कारण चिडण्याआधी ते होतात कसे हे माहीत असलेलं बरं. बाळ जन्मतं तेव्हा त्याला जगातल्या भाषांमधले बारीक बारीक फरक ऐकू येतात. वर्षाचं होईपर्यंत त्याचा कान घरातल्या भाषेला सरावतो आणि बाकीचे बरेच फरक तो सोडून देतो. पन्नाशी-साठी ओलांडलेल्या माणसाच्या कानाला आणि जिभेला शेताच्या बांधावर जे ऐकलं त्याचं वळण पडलेलं असतं. ‘ऑपरेशन’मधला ‘ऑ’ त्यांच्या बोलीत नव्हताच, म्हणून त्याचा ‘आ’ झाला आणि ‘आप्रेशन’ तयार झालं. त्यात आळस नाही की अडाणीपणा नाही.

‘ठेसन’चं तर मला कौतुक वाटतं. शब्दाच्या सुरुवातीला ‘स’ आणि त्याला चिकटून दुसरं व्यंजन आलं की पुष्कळ भाषांना ते जड जातं. कुणी आधीचा ‘स’ सोडतं, मग ‘ठेसन’ होतं. कुणी पुढे ‘इ’ लावतं, मग ‘इस्टूल’ आणि ‘इस्टील’ होतं. स्पॅनिश भाषेत तर शाळेला ‘एस्कुएला’च म्हणतात. तिथे सगळा देशच तसं बोलतो, म्हणून ती भाषा झाली. आपली आई एकटी बोलते, म्हणून ती चूक! आपल्याकडेही ‘स्त्री’ या शब्दाचं पालीत ‘इत्थी’ झालं होतं, हे भाषेच्या शिक्षकांना आठवत असेल.

रोज वापरतो त्या ‘बादली’चंच घ्या. पोर्तुगीज शब्द ‘बाल्दे’. मराठीत येताना ‘ल’ आणि ‘द’ यांनी जागा बदलल्या. कुणीतरी पहिल्यांदा ते उलटं म्हटलं असणार. त्याचा मुलगा तेव्हा चिडला होता की नाही, देव जाणे. आज ‘बाल्दे’ आण म्हटलं तर लोक आपल्याकडे बघत राहतील.

आणि मोडतोड काय फक्त गावाकडची माणसं करतात? इंग्रजांना ‘शीव’ म्हणता येईना म्हणून ‘सायन’ झालं. वांद्र्याचं ‘बांद्रा’ झालं, परळचं ‘परेल’. मुंबईत राहणारा आपला मुलगा बिनदिक्कत ‘सायनला उतरतो’ म्हणतो. साहेबाने बिघडवलेला उच्चार त्याला फॅशनेबल वाटतो आणि आईने बदललेला गावंढळ. म्हणजे त्याचं भांडण उच्चाराशी नाहीच.

घरातल्या लहानांचंही ऐका. आजोबांच्या ‘फोटू’वर खो खो हसणारा नातू ‘फळ’ म्हणताना खालच्या ओठावर दात टेकवतो, इंग्रजी ‘एफ’सारखा. मराठीतला ‘फ’ दोन्ही ओठ जुळवून म्हणायचा असतो. ‘चांगला’ आणि ‘चूल’ यातला ‘च’ तो ‘चहा’तल्या ‘च’सारखा म्हणतो. हे उच्चार आजोबांच्या तोंडी अगदी शंभर नंबरी असतात. पण नातवाला कुणी टोकत नाही, कारण तो इंग्रजी शाळेत जातो.

‘न’ आणि ‘ण’ची गोष्ट जरा जास्त दुखरी आहे. ‘पाणी’ला ‘पानी’ आणि ‘लोणी’ला ‘लोनी’ म्हणणाऱ्या माणसाचं गाव, शिक्षण आणि जातसुद्धा लोक त्या एका अक्षरावरून ठरवून टाकतात. हिंदी सिनेमात नट ‘पानी’ म्हणतो तेव्हा कुणाला हसू येत नाही. शिकून पुढे गेलेल्या मुलाला आईचं ‘पानी’ का खुपतं ते मला समजतं. हॉस्टेलवर, ऑफिसात त्याने स्वतः ती चेष्टा सोसलेली असते. पण त्याचा राग निघतो आईवर. चेष्टा करणाऱ्याला तो काही बोलत नाही.

इथे काही शिक्षक म्हणतील, मग प्रमाणभाषा शिकवायचीच नाही का? शिकवायची, कसून शिकवायची. माझ्या वर्गातल्या पोराला उद्या अर्ज लिहायचा आहे, मुलाखत द्यायची आहे. पण शासनाने १९६२ साली मान्य केलेले नियम लेखनाचे आहेत. आजीने ओट्यावर बसून कसं बोलावं याचे नियम कुणी केलेले नाहीत. वर्गात ‘हे अशुद्ध’ असं वारंवार ऐकणारं मूल तोच शिक्का घरी नेऊन आजीवर मारतं. त्यापेक्षा ‘वहीत असं लिहायचं, घरी तसं म्हणतात’ असं फळ्यावर दोन रकान्यांत मांडलं, तर पोरं घरचे शब्द उत्साहाने गोळा करून आणतात. करून बघा. माझ्या वर्गात एकदा वीस मिनिटांत फळा भरला होता.

आम्ही खानदेशातली माणसं. आमच्याकडच्या बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो आणि डोळ्याचा ‘डोया’ होतो. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) शाळेत गेल्या नव्हत्या, त्या याच मातीतलं बोलायच्या. त्यांचे चिरंजीव सोपानदेव स्वतः नावाजलेले कवी, प्रमाण मराठीत लिहिणारे. आईच्या उच्चारांची लाज वाटायला त्यांच्याकडे आपल्यापेक्षा जास्त कारणं होती. त्यांनी आईची गाणी जपली, आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली ती आईच्याच बोलीत छापून आली. आज आपण त्यावर मुलांना प्रश्न विचारतो. २०१८ पासून जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव आहे. प्रत्येकाची आई काही बहिणाबाई नसते, हे मलाही कळतं. पण आपल्या आईकडे कोणत्या म्हणी, कोणती गाणी आहेत हे कळायला ती आधी आपल्यासमोर मोकळी बोलली पाहिजे ना?

बरं, काही वेळा सुधारावं लागतंच. तेव्हा पहिलीच्या वर्गातली रीत वापरा. मूल म्हणतं, “बाई, मी जेवन केलं.” आपण “जेवन नाही, जेवण!” असं ओरडत नाही. “हो का? जेवणात काय होतं आज?” असं विचारतो. शब्द नीट ऐकवला जातो आणि बोलणंही पुढे चालू राहतं. सहा वर्षांच्या मुलाला आपण एवढं जपतो, मग साठ वर्षांच्या आईला का नाही? तिचं ‘थायराड’ ऐकून आपण “थायरॉइडची गोळी घेतलीस का?” असं विचारलं की झालं. तिने उचललं तर ठीक, नाही उचललं तरी गोळी तर घेतली.

माझ्या मते टोकायलाच हवं अशा जागा फार थोड्या आहेत. एक, माणसाचं नाव. पण तेही शक्यतो ज्याचं आहे त्याने सांगावं. घरात नवी सून आली आणि सासूला तिचं नाव नीट म्हणता येत नसेल, तर ते त्या दोघींना मिटवू द्या, मुलाने मध्ये पडू नये. दुसरी जागा औषधांची. तिथे मी ऐकून घेणार नाही. सारख्या वाटणाऱ्या नावांची औषधं बाजारात भरपूर आहेत. नाव तोंडी सांगितलं आणि दुकानदाराने भलतंच ऐकलं तर जिवावर बेतू शकतं. म्हणून दुकानात जाताना आईच्या हातात डॉक्टरांची चिठ्ठी किंवा गोळ्यांचं रिकामं पाकीट द्या. घरातल्या पाकिटांवर जाड मार्करने मराठीत लिहा: सकाळी जेवणाआधी, रात्री झोपताना. अक्षर मोठं काढा, चष्म्याशिवाय दिसेल एवढं. मग ती त्या गोळीला ‘थायराडची’ म्हणो, नाहीतर ‘ती पांढरी बारकी’.