अकरा जणांचा गंज

गेल्या पौषात, धान निघून मोकळ्या झालेल्या बांध्यांच्या धुऱ्यांवरून, पाठीवर आपापले बिऱ्हाड घेऊन आम्ही अकरा जण पाच दिवस पायी हिंडलो. आणि सहाव्या दिवशी सकाळी अर्जुनीच्या रेल्वे फलाटावर एकमेकांचा निरोप घेताना माझ्या ध्यानात आले की, ज्यांच्यासाठी कंठ असा दाटून यावा त्यांपैकी निम्म्यांची आडनावेदेखील मला ठाऊक नव्हती.

गावातल्या शेजाऱ्याचे घराणे, जमीनजुमला, सोयरीक आणि कोर्टकज्जे आपणांस तोंडपाठ असतात. परंतु चढावर त्याला धाप कशी लागते, बाटलीतले शेवटचे पाणी तो आधी कोणापुढे धरतो, आणि अंधार पडल्यावर तो अबोल होतो की बोलका, हे जन्मभर कळत नाही. सहप्रवाशाविषयी हेच सारे दुसऱ्या दिवशी कळून चुकते आणि बाकीचे काहीच कळत नाही. वडशाकडचे एक निवृत्त पोस्टमन आमच्यात होते. नवेगावबांध तलावाच्या पाळीवर, समोर सात बहिणींचे डोंगर आणि पाण्यावर बदकांचे थवे असताना, त्यांनी ते सारे सोडून पुण्याच्या एका मुलीच्या सॅकचा तुटलेला पट्टा दाभण-सुतळीने तासभर शिवला. टाका घट्ट ओढताना त्यांची जीभ दातांत धरलेली असे. तो तलाव बांधणाऱ्या कोलू पाटील कोहळींचे पूर्वज गोंड राजाबरोबर काशीच्या बाजूने इकडे आले, अशी आख्यायिका आहे. तिच्यातले मला नेहमी भावते ते हे की, ती माणसे सोबतीने आली आणि तलाव बांधून येथलीच झाली.

तेथल्या राष्ट्रीय उद्यानात पायी फिरण्याची मुभा नसल्याने वनखात्याच्या हद्दीबाहेरच्या गावरस्त्यांनी, मालगुजारी तलावांच्या कडेकडेने, आम्ही इटियाडोह धरणाकडे उतरलो. गोठणगावाजवळ 1972 साली वसलेली तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. तेथे एका वृद्धेने आम्हांला चहा दिला. बालपणी आईबापांसोबत हिमालय पायी ओलांडून ती हिंदुस्थानात आली होती, एवढेच तिच्या नातवाने सांगितले. ती स्वतः फारसे बोलली नाही. मात्र आम्ही पाठीवर ओझी चढवून निघालो तेव्हा फाटकापाशी उभी राहून तिने बोटाने आम्हां एकेकाला मोजले, आणि अकरा भरल्यावरच हात खाली घेतला. त्या मोजण्याने मी अजूनही अस्वस्थ होतो.

चौथा मुक्काम प्रतापगडाच्या पायथ्याशी पडला. महादेवाचे देवस्थान आणि ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांचा दर्गा अशी दोन्ही श्रद्धास्थाने येथे आहेत. महाशिवरात्रीला या परिसरात पाय ठेवण्यास जागा नसते, पण पौषात तो निवांत होता. यात्रेला येणारे जथे बहुधा एकाच गावचे असतात. येतात तसेच परत जातात, त्यांना एकमेकांचा वियोग नाही. वारीची गोष्ट वेगळी. आषाढी पौर्णिमेला गोपाळपुरात गोपाळकाला होतो, लहानथोर न पाहता वारकरी एकमेकांच्या पाया पडतात, आणि मगच पालख्या परतीला लागतात. आमच्या आजच्या सहलींच्या कार्यक्रमपत्रिकेत न्याहारीपासून बुटांच्या मोज्यांपर्यंत सर्व गोष्टींचा बंदोबस्त असतो, फक्त निरोपाला तिच्यात वेळ राखलेला नसतो. कोणाला गाडी गाठायची असते, कोणी पैशांचा हिशेब मांडतो, आणि ज्याने आपल्याला ओढ्यात हात दिला त्याच्याकडे पाठ फिरवून आपण तिकिटाच्या खिडकीशी उभे असतो. सहल काढणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, शेवटच्या दिवशी एक मजल कमी करावी, पण तो एक तास राखावा.

आम्हांला तो तास गाडीच्या विलंबाने दिला. एकेकाळी या मार्गावर अरुंद रुळांची छोटी गाडी धावे. आता रूळ रुंद झाले, तरी दिशा त्याच दोन आहेत: एक सौंदडवरून गोंदियाकडे, दुसरी वडसा, नागभीडवरून बल्लारशाकडे. गोंदियाची गाडी आधी आली. पोस्टमनकाकांनी त्या मुलीच्या पट्ट्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, “पट्टा पुन्हा तुटन पोरी, दाभण संग ठेवजो.” ती वाकली, तेव्हा त्यांनी स्वतःही वाकून तिच्या पायांना हात लावला. पत्ते कोणी मागितले नाहीत. पुन्हा भेटण्याची वचने दिली गेली नाहीत, याचे मला आजही समाधान वाटते. त्या पाच दिवसांशी ती खोटी ठरली असती.

राहिला तो भात शिजवण्याचा जर्मनचा गंज. वर्गणीतून घेतलेला आणि रोज पाळीपाळीने प्रत्येकाच्या पाठीवरून आलेला, त्यामुळे तो नेमका कोणाचा, हे ठरेना. अखेर मीच तेवढा येथला म्हणून तो माझ्या हाती देऊन दुसऱ्या गाडीने उरलेलेही गेले. आता तो माझ्या स्वयंपाकघरात आहे. आम्ही घरात तिघे. आमच्यापुरता भात घातला की त्याचा केवळ तळ झाकला जातो.