‘चाचा’पासून ‘सर’पर्यंत

गेल्या हिवाळ्यात अम्मीला उमऱ्याला घेऊन गेलो. अम्मी चौऱ्याहत्तर वर्षांची. गुडघे गेलेले, साखरेचा त्रास, पण मक्केचं नाव काढलं की चेहरा उजळायचा. सोलापूरहून रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईला पोचलो. दिवसभर कुर्ल्याला मामेभावाकडे थांबलो आणि तिथेच आंघोळ करून मी एहराम बांधला. जेद्दाहचं विमान रात्री ११ वाजून ४० मिनिटांचं होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, पुरुषाचा एहराम म्हणजे दोन न शिवलेल्या पांढऱ्या चादरी. एक कमरेला, एक खांद्यावर. डोकं उघडं, पायात साधी चप्पल. बायकांना नेहमीचे कपडे चालतात. कोण कारखानदार आणि कोण हमाल हे अल्लाहच्या दारात ओळखू येऊ नये, असा त्याचा अर्थ आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. मी गेली सव्वीस वर्षं हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवतो. खिशाला पेन, पायात बूट आणि चष्मा हा माझा नेहमीचा अवतार. त्यातला चष्मा तेवढा उरला होता. एहराममुळे माणूस कसा ओळखू येईनासा होतो, हे मला मक्केच्या आधी मुंबई विमानतळाच्या काउंटरवरच कळलं.

अम्मीसाठी व्हीलचेअर सांगितलेली होती. तिचं काय झालं विचारायला पुढे गेलो, तर काउंटरवरची मुलगी मान वर न करता म्हणाली, ‘‘चाचा, लाइन में रहो ना. सबको मिलेगा.’’ अपमान नव्हता तो. आवाजही चढलेला नव्हता. पण याआधी पाच-सहा वेळा विमानाने गेलो होतो, पँट-शर्टात, आणि तेव्हा मला कोणी चाचा म्हटलं नव्हतं. मी मुकाट्याने रांगेत उभा राहिलो.

व्हीलचेअर आली. ढकलणारा मुलगा चिपळूणकडचा निघाला. त्याने अम्मीला ‘आजी’ म्हटलं, तिची पर्स तिच्या मांडीवर नीट ठेवली, इमिग्रेशनला रांग टाळून पुढे नेलं आणि गेटपाशी सोडताना ‘माझ्यासाठी पण दुवा मागा’ म्हणून गेला. तो विमान कंपनीचा माणूस नव्हता, कंत्राटदाराचा होता. तरी त्या रात्रीची सगळ्यात चांगली सेवा त्यानेच दिली, हे नोंदवून ठेवतो.

गेटवर कळलं की विमान ‘थोडं लेट’ आहे. फलकावर १२.५० झालं. साडेबाराला ते २.३० झालं. दोन वाजता ४.०० झालं. शेवटी सकाळचे ६.५०. सात तास दहा मिनिटांचा उशीर आम्हाला असा हप्त्याहप्त्याने मिळाला. कर्जाचा हप्ता तरी किती बाकी आहे ते सांगतो. इथे प्रत्येक वेळी वाटायचं, आता तासाभराचाच प्रश्न आहे, कशाला भांडायचं. माणसं झोपत नव्हती, खात नव्हती, कुठे जात नव्हती.

त्या विमानात दोन प्रकारचे लोक होते. एक आमच्यासारखे उमऱ्याला निघालेले, बहुतेक म्हातारे, मराठवाड्यातले, खानदेशातले, काही कर्नाटकातले. दुसरे कामाला चाललेले तरुण, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत पासपोर्ट आणि करारपत्र धरलेले. त्यांच्याशी बोलण्याची तऱ्हा आणखी वेगळी होती. ‘‘ए, पीछे हटो. बोला ना अनाउन्समेंट होगा.’’ त्यातला एकजण, विशीतला असेल, फक्त एवढंच विचारत होता की जेद्दाहला त्याला घ्यायला येणारा माणूस थांबेल का. हा प्रश्न काउंटरवरच्या कुठल्याच खान्यात बसत नव्हता.

अडीच वाजता अम्मीची साखर उतरायला लागली. हात थरथरू लागले. बायकोने पिशवीतला खजूर दिला, पाणी दिलं. मी उठलो, काउंटरवर गेलो आणि वर्गात बोलतो तसं स्वच्छ, सावकाश इंग्रजी बोललो. माझी आई मधुमेही आहे, तिचं वय अमुक आहे, मला तुमच्या ड्यूटी मॅनेजरचं नाव लेखी हवं आहे. बस, एवढंच. ती मुलगी उभी राहिली. ‘‘सर, प्लीज, एक मिनिट सर.’’ पाच मिनिटांत सुपरवायझर आला. त्याने अम्मीचं नाव विचारलं, आम्हा तिघांना वरच्या लाउंजमध्ये नेलं, सोफा दिला, गरम सूप आणून दिलं. अम्मी आडवी झाली आणि तिला झोप लागली.

मला झोप लागली नाही. आमच्या शेजारी परभणीची एक म्हातारी बसली होती, अम्मीपेक्षा थोडी मोठीच असेल. मुलगा बरोबर होता, पण तो शेतकरी माणूस, त्याला इंग्रजी येत नव्हतं. ती फरशीवर शाल अंथरून पडलेली मी उठताना पाहिली होती. सुपरवायझरला ‘यांनाही घ्या’ म्हणायला माझी जीभ वळली नाही. मला भीती वाटली की जास्त मागितलं तर मिळालेलंही जाईल. फजरच्या नमाजला खाली आलो तेव्हा ती तिथेच होती. सगळ्यांना सव्वाचारला एकेक थंड सँडविच आणि पाण्याची बाटली मिळाली होती.

चाचाचा सर व्हायला मला चार वाक्यं लागली. त्या वाक्यांमध्ये माझा कुठलाही हक्क नव्हता, फक्त माझी भाषा होती. हक्क वेगळेच होते आणि ते त्या गेटवरच्या प्रत्येकाचे होते. हे मला घरी परत आल्यावर वाचून कळलं.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, म्हणजे डीजीसीएचे, याबाबत नियम आहेत. अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाला दोन तासांपेक्षा जास्त उशीर झाला की खाणं-पिणं द्यायचं. अडीच ते पाच तासांच्या प्रवासाला तीन तासांनंतर आणि त्याहून लांबच्या प्रवासाला चार तासांनंतर. म्हणजे ते थंड सँडविच मेहेरबानी नव्हती, नियमाने आलं होतं. देशांतर्गत विमानाचा उशीर सहा तासांच्या वर जाणार असेल तर दुसरं विमान किंवा तिकिटाचे पूर्ण पैसे, यातलं काय हवं ते प्रवाशाने निवडायचं. आणि विमान रात्री ८ ते पहाटे ३ या वेळेत सुटणारं असून सहा तासांहून जास्त रखडलं, तर गरजेप्रमाणे हॉटेल आणि तिथवर नेण्या-आणण्याची सोय. आमचं विमान ११.४० चं, उशीर सात तासांवर. परभणीच्या त्या आजीला सोफा मागायची गरजच नव्हती, तिच्या नावाने पलंग लिहिलेला होता.

पण उशीर हप्त्याने जाहीर झाला की सहा तासांची रेघ कोणत्याच क्षणी समोर दिसत नाही. हे मुद्दाम होतं असं मी म्हणत नाही. विमान कुठेतरी अडकलेलं असतं, वैमानिकाच्या ड्यूटीचे तास संपतात, दुसरी टीम आणावी लागते, हे मला मान्य आहे. इमिग्रेशन पार केलेल्या अडीचशे माणसांना पुन्हा बाहेर काढून हॉटेलात नेणं सोपं नाही, हेही खरं. मग तसं सांगा. ‘तुमचा हॉटेलचा हक्क आहे, पण त्यासाठी इमिग्रेशन रद्द करून परत यावं लागेल, कोणाकोणाला जायचंय?’ असं विचारलं असतं तर निम्मे लोक ‘राहू दे’ म्हणाले असते. न विचारता राहू देणं आणि विचारून राहू देणं यात फार फरक आहे.

आपल्याकडे केवळ उशिराबद्दल रोख भरपाई नाही. आगाऊ न कळवता विमान रद्द झालं तर प्रवासाच्या लांबीनुसार ५,००० ते १०,००० रुपयांची मर्यादा आहे, तीही कारण कंपनीच्या हातातलं असेल तरच. युरोपात तीन तासांपेक्षा जास्त उशिराला अंतरानुसार २५० ते ६०० युरो द्यावे लागतात. तिथल्या कंपन्याही टाळाटाळ करतात, पण हक्काचा लेखी कागद प्रवाशाच्या हातात ठेवावा लागतो. मला त्या पैशांपेक्षा त्या कागदाचं अप्रूप जास्त वाटतं.

आता काउंटरवरच्या त्या मुलीबद्दल. मी तिला इंग्रजीत बोललो तेव्हा माझा आवाज कडक होता. नंतर अम्मी सोफ्यावर पडल्या पडल्या म्हणाली, ‘‘उस पोरी को कायकू चिल्लाया रे? उसके हात में क्या हय?’’ खरंच काही नव्हतं. तिच्या स्क्रीनवर जी वेळ यायची ती ती वाचून दाखवत होती. निर्णय घेणारे कुठेतरी दुसरीकडे होते, आणि त्यांच्या वाट्याच्या शिव्या खायला बावीस वर्षांची मुलगी उभी केलेली होती. आपण प्रवासीही भित्रे असतो. जो समोर आहे त्याच्यावर ओरडतो आणि कंपनीला मात्र पुढच्या वेळी तिकीट शंभर रुपयांनी स्वस्त दिसलं की माफ करतो.

माझे काही मित्र हे वाचून म्हणतील, दाढी-एहराम पाहिला की असंच वागतात. मीही त्या रात्री तोच विचार करत होतो. मग त्या मुलीच्या छातीवरची नावाची पट्टी वाचली. आपल्यातलीच होती. नावावरून, पेहरावावरून विमानतळावर त्रास होतच नाही असं मी म्हणणार नाही, तेवढं जग मी पाहिलंय. पण हा प्रकार तो नव्हता. जानेवारी २०२४ मध्ये मुंबईच्या विमानतळावर धावपट्टीशेजारी जमिनीवर बसून जेवणारे प्रवासी सगळ्या देशाने पाहिले, त्यात सगळ्या प्रकारचे लोक होते. त्या कंपनीला १ कोटी २० लाखांचा दंड झाला. पुढच्याच महिन्यात न्यूयॉर्कहून आलेले ऐंशी वर्षांचे गृहस्थ याच विमानतळावर कोसळले आणि वारले. दोघा नवरा-बायकोत एकच व्हीलचेअर मिळाली होती, ते पत्नीबरोबर चालत निघाले होते. त्या प्रकरणात डीजीसीएने एअर इंडियाला ३० लाखांचा दंड केला. न्यूयॉर्कहून येणाऱ्यालाही खुर्ची मिळत नाही, तेव्हा प्रश्न एकट्या आपल्या दाढीचा राहत नाही. मात्र कारण कोणी सांगत नाही म्हटल्यावर ज्याची त्याची जुनी जखम ते कारण पुरवते. मुसलमानाला वाटतं नावामुळे, शेतकऱ्याला वाटतं धोतरामुळे, मजुराला तर वाटण्याचीही उसंत नसते.

आणि तीच कंपनी, तेच तिकीट, विमानात शिरल्यावर मात्र चित्र पालटलं. सुवासिक ओले टिश्यू वाटत एक हवाई सुंदरी आमच्या रांगेपाशी आली, एहराम पाहिला आणि हात मागे घेतला. एहरामची नियत झाली की सुगंध वर्ज्य असतो. ती आत जाऊन साधे कागदी रुमाल आणि कोमट पाण्याचा पेला घेऊन आली. नावावरून आणि बोलण्यावरून केरळची ख्रिश्चन असावी. मीकात येण्याआधी वेळेवर घोषणा झाली, संडासापुढची रांग तिने नीट लावून दिली, एका आजोबांच्या खांद्यावरून सरकलेली चादर नजर दुसरीकडे ठेवून सावरायला मदत केली. हे तिला कुणीतरी शिकवलं असणार. म्हणजे शिकवता येतं.

परतताना माझी एक बॅग मुंबईत आलीच नाही. पट्टा फिरून थांबला तेव्हा वाटलं, पुन्हा इंग्रजी काढावं लागणार. पण तिथल्या काउंटरवरच्या बाईंनी मला शर्टात नाही, झब्बा-टोपीत पाहिलं आणि मराठीत विचारलं, ‘‘काका, बॅगचा रंग कोणता?’’ फॉर्म भरून घेतला, प्रत दिली, त्यावरचा नंबर पेनाने गोल केला. बॅग कधी येईल ते खात्रीने सांगता येत नाही, पण एकवीस दिवसांत नाही मिळाली तर हरवली असं धरून दावा करता येतो, आणि आली पण फुटलेली असली तर सात दिवसांत लेखी कळवायचं, हे न विचारता सांगितलं. चौथ्या दिवशी बॅग सोलापूरला घरी आली. त्या बाईंनी मला ‘सर’ म्हटलं नाही. ‘काका’ म्हटलं, आणि मला ते ‘सर’पेक्षा मोठं वाटलं, कारण काकाला सगळं सांगितलं होतं.

माझी मागणी म्हणून लहान आहे. उशीर दोन तासांच्या वर गेला की गेटवर एक फळा लागावा, मराठीत, हिंदीत, उर्दूत आणि जिथे विमान जातंय तिथल्या भाषेत. किती वाजता काय मिळणार, सहा तास झाले तर काय, कुणाशी बोलायचं. हसतमुख चेहरा नसला तरी चालेल. त्या फळ्यापुढे परभणीचा शेतकरी आणि सोलापूरचा मास्तर सारखेच ठरतील.

परत आल्यावर मी कंपनीकडे तक्रार केली. अकरा दिवसांनी उत्तर आलं. दिलगिरी, आणि तिघांसाठी पुढच्या प्रवासाची कूपनं, वर्षभर चालणारी. अम्मी म्हणाली, घे आणि विषय संपव. मी घेतली नाहीत. सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार टाकली आहे. त्यात आमच्या तिघांबरोबर त्या विमानातल्या सगळ्यांच्या हॉटेलचं काय झालं, असं विचारलंय. त्यातून काही निघालं नाही तर सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे. २०१९ च्या कायद्यामुळे राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. बोर्डिंग पास जपून ठेवलेत. फलकाचे फोटो माझ्याकडे चारपैकी तीनच वेळांचे आहेत, अडीचचा राहिला. त्या विमानात असलेल्या कुणी हे वाचत असेल आणि तो फोटो असेल, तर मला कळवा.