घर आहे, गृहस्थ कुठे आहे?

अमेरिकेतील ‘टीएलसी’ वाहिनीवर २००० साली ‘ट्रेडिंग स्पेसेस’ हा कार्यक्रम सुरू झाला. दोन शेजारी कुटुंबांनी दोन दिवसांसाठी एकमेकांच्या घरात जायचे, प्रत्येकाच्या दिमतीला वाहिनीने एक गृहसजावटकार द्यायचा आणि एक हजार डॉलरच्या मर्यादेत शेजाऱ्याच्या एका खोलीचा कायापालट करायचा, असा हा खेळ. त्याच्या सुरुवातीच्या काळातील एका भागात एका कुटुंबाने आधीच बजावून ठेवले होते की, दिवाणखान्यातील विटांच्या शेकोटीला, तिकडे जिला ‘फायरप्लेस’ म्हणतात तिला, हात लावू नका. सजावटकाराने नेमकी तीच शेकोटी लाकडी कवचाखाली झाकून टाकली. डोळे उघडल्यावर घरच्या गृहिणीला ते सहन झाले नाही आणि ती खोलीबाहेर निघून गेली. कॅमेऱ्याच्या कक्षेतून ती सुटली. परंतु तिच्या अंगावरचा ध्वनिग्राहक चालूच होता. तिचे रडणे जसेच्या तसे टिपले गेले, प्रक्षेपित झाले आणि त्या कार्यक्रमाचा सर्वांत गाजलेला प्रसंग म्हणून पुढे वर्षानुवर्षे सांगितले गेले.

एका स्त्रीला स्वतःच्याच घरात रडू कोसळते आणि तेच कार्यक्रमाचे यश ठरते! याला एका सजावटकाराचा हेकेखोरपणा म्हणून सोडून देता येणार नाही. गेल्या सुमारे तीस वर्षांत पाश्चात्त्य दूरचित्रवाणीने घरांच्या नूतनीकरणाचे जे खेळ आणि ज्या स्पर्धा उभ्या केल्या, त्यांचा प्रवास पाहिला तर एक सूत्र स्पष्ट दिसते. भिंती उजळत गेल्या, दिवे वाढत गेले आणि त्या घरात राहणारा माणूस पायरीपायरीने घराबाहेर ढकलला गेला.

पहिली पायरी : मालक बाहेर

या प्रकाराचे मूळ ब्रिटनमध्ये आहे. १९९६ साली ‘बीबीसी टू’वर ‘चेंजिंग रूम्स’ सुरू झाला. पाचशे पौंड, दोन दिवस, शेजाऱ्याची खोली. अल्पावधीत तो मुख्य वाहिनीवर गेला आणि ऐन भरात एक कोटीहून अधिक प्रेक्षक तो पाहू लागले. ‘ट्रेडिंग स्पेसेस’ ही त्याचीच अमेरिकी आवृत्ती.

दोन दिवसांत खोली पालटायची तर लाकूड मुरवायला, गिलावा सुकायला, रंगाचे हात नीट बसायला वेळ कुठला? त्यामुळे लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला स्वस्त तक्ता, म्हणजे एमडीएफ, हे या कार्यक्रमाचे जणू बोधचिन्हच बनले. टिकाऊपणा हा निकषच नव्हता. पडदा उघडेपर्यंत उभे राहिले की पुरे. एका भागात एका गृहिणीचा जुन्या, मौल्यवान किटल्यांचा संग्रह सजावटकाराने टांगत्या फळ्यांवर मांडला. रातोरात त्या फळ्या कोसळल्या आणि संग्रहाचा चुराडा झाला. अमेरिकी आवृत्तीत तर एका महाभागाने राहत्या खोलीच्या भिंतींना गवताच्या काड्या चिकटवल्या!

या अपघातांहून महत्त्वाचा आहे तो खेळाचा मूळ नियम. घरमालकाने काम चालू असताना तेथे असायचे नाही. त्याला विचारायचे नाही, दाखवायचे नाही. शेवटी डोळे मिटून आत आणायचे आणि त्याच्या चेहऱ्यावर कॅमेरा रोखायचा. हसला तर उत्तम, रडला तर अत्युत्तम! ज्याचे घर त्याचे अज्ञान हेच या धंद्याचे भांडवल होते.

दुसरी पायरी : परीक्षकाचा कौल

पुढे हा खेळ अधिक सभ्य झाला. २०१४ ते २०१७ या काळात ‘बीबीसी टू’वर ‘द ग्रेट इंटिरियर डिझाइन चॅलेंज’ ही स्पर्धा झाली. वास्तुकलेचे समीक्षक टॉम डायकहॉफ तिचे सूत्रसंचालक होते. हौशी सजावटकारांना एकाच धाटणीच्या घरांतील खोल्या द्यायच्या, हजार पौंडांच्या आसपासची रक्कम द्यायची आणि तीनेक दिवसांत काम उरकून घ्यायचे, अशी तिची रचना होती. या स्पर्धेचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. घर कोणत्या काळातले, त्याच्या खिडक्या अशाच का, ती वस्ती कोणासाठी वसवली गेली, हे तीत आवर्जून सांगितले जाई. घरातल्या माणसांचे म्हणणे ऐकून घेतले जाई. जुनी कपाटे आणि खुर्च्या हाताने दुरुस्त करून पुन्हा वापरात आणण्याचे कौतुक होई.

तथापि अखेरचा शब्द त्या घरात राहणाऱ्याचा नव्हता. गृहस्थाने ‘मला आवडले’ म्हणावे आणि तरीही परीक्षकांनी त्या सजावटकाराला बाद करावे, हे या स्पर्धेच्या रचनेतच होते. गृहस्थ आता ‘ग्राहक’ झाला. त्याचे मत हे केवळ एक मत ठरले.

२०१९ साली आलेल्या ‘इंटिरियर डिझाइन मास्टर्स’ने हा उरलासुरला संकोचही सोडला. दहा सजावटकार, दर आठवड्याला एकाची गच्छंती आणि ‘एल डेकोरेशन’ मासिकाच्या माजी संपादक मिशेल ओगुंडेहिन यांचा निर्णायक कौल. स्पर्धकांना सजवायला मिळू लागली नमुना घरे, दुकाने, उपाहारगृहे, हॉटेलांच्या खोल्या. नमुना घर म्हणजे तरी काय? ज्यात कोणी जन्मले नाही, कोणी आजारी पडले नाही, कोणी परीक्षेचा अभ्यास केला नाही, असे घर. सजावटकाराला याहून सोयीचे घर मिळणार नाही. कारण तेथे ‘हे मला नको’ असे म्हणणारे कोणीच नसते.

तिसरी पायरी : लिलाव

परीक्षकाच्या आवडीला निदान डोळे असतात. ऑस्ट्रेलियाच्या ‘नाईन नेटवर्क’ने २००३ साली सिडनीतील बाँडाय येथून सुरू केलेल्या ‘द ब्लॉक’ने तेही अनावश्यक ठरवले. स्पर्धक जोडप्यांनी घरे नव्याने सजवायची, आठवड्यागणिक परीक्षकांचे गुण मिळवायचे आणि शेवटी त्या घरांचा लिलाव करायचा. राखीव किमतीच्या वर जी रक्कम मिळेल ती जोडप्याची आणि ज्याचा नफा सर्वाधिक तो विजेता. घर चांगले की वाईट, याचा निवाडा शेवटी लिलावकर्त्याचा हातोडा करतो.

बाजाराचा हा न्याय किती लहरी असतो, याची साक्ष याच कार्यक्रमाने दिली आहे. २०११ साली मेलबर्नच्या रिचमंड भागातील चार घरांपैकी तीन घरे लिलावाच्या दिवशी विकलीच गेली नाहीत. २०२२ साली व्हिक्टोरिया राज्यातील गिसबोर्न येथील पाच घरांपैकी एका घराने सुमारे १५ लाख ८७ हजार डॉलर नफा मिळवला, एका घराला जेमतेम २० हजार मिळाले आणि दोन घरांना त्या दिवशी गिऱ्हाईकच लाभले नाही. सर्वांचे कष्ट सारखे, रात्रीची जागरणे सारखी. मग पहिले घर दुसऱ्याहून ऐंशी पटींनी सुंदर होते काय? २०२४ साली फिलिप आयलंड येथील पाचही घरे एकाच उद्योजकाने विकत घेतली. पाच घरे, खरेदीदार एक! तेथे कोण नांदणार, हा प्रश्न विचारण्याची त्या खेळात सोयच नाही.

येथे प्रवास पूर्ण झाला. पहिल्या पायरीवर घरमालकाला दोन दिवस बाहेर काढले, दुसऱ्या पायरीवर त्याला ग्राहक केले आणि तिसऱ्या पायरीवर तो उरलाच नाही. उरली ती मालमत्ता.

‘बळजबरी थोडीच आहे?’

या कार्यक्रमांचे समर्थक म्हणतात, ही तर निव्वळ करमणूक आहे. माणसे आपखुशीने भाग घेतात. सामान्य कुटुंबांना स्वतःच्या हाताने भिंत रंगवण्याचा हुरूप येतो. सुतार-रंगाऱ्यांच्या कामाला प्रतिष्ठा मिळते. यात तथ्य आहे. स्वतःच्या घरासाठी हात मळवणे हे चांगलेच. परंतु कार्यक्रमात प्रतिष्ठा मिळते ती वेगाला. चांगला सुतार जोड बसवून तपासतो, ऋतू पालटल्यावर लाकूड कसे वागेल याचा विचार करतो. घड्याळ लावून त्याला धावायला लावणे हा त्याच्या कसबाचा सन्मान म्हणता येईल काय?

आणि आपखुशीचे म्हणाल, तर ‘एबीसी’ वाहिनीच्या ‘एक्स्ट्रीम मेकओव्हर : होम एडिशन’चा अनुभव बोलका आहे. २००३ साली सुरू झालेल्या आणि २०१२ पर्यंत चाललेल्या या कार्यक्रमात संकटग्रस्त कुटुंबाला आठवडाभर सहलीला पाठवून त्याच्या जुन्या घराच्या जागी प्रशस्त नवे घर उभारले जाई. शेकडो स्वयंसेवक राबत. त्यांचा सद्भाव निःसंशय खरा होता. पण कॅमेरे परतल्यावर मालमत्ता कर वाढला, विजेची बिले वाढली आणि काही कुटुंबांवर ते घर विकण्याची पाळी आली. जॉर्जिया राज्यातील एका कुटुंबाने अशा घरावर साडेचार लाख डॉलरचे कर्ज उचलले आणि २००८ साली ते घर जप्तीच्या दारात उभे राहिले. दान देणाऱ्यांनी घर दिले. त्या कुटुंबाला झेपेल तेवढे घर देण्याचे भान मात्र दूरचित्रवाणीला राहिले नाही.

त्याच २००८ साली, घराकडे निवारा म्हणून न पाहता चलनी हुंडी म्हणून पाहण्याची सवय जडलेल्या अमेरिकेत गृहकर्जांचा डोलारा कोसळला आणि त्याची झळ साऱ्या जगाला बसली. त्याचे खापर दूरचित्रवाणीच्या माथी फोडणे अन्यायाचे होईल. ती करणी बँकांची आणि वित्तसंस्थांची होती. पण ‘घर म्हणजे नफा’ ही भाषा दिवाणखान्यादिवाणखान्यात नेऊन पोहोचवण्याचे काम याच कार्यक्रमांनी केले, हे विसरता येणार नाही.

उंबरठा ओलांडून आत

हे सारे सातासमुद्रापलीकडचे. त्याचे महाराष्ट्राला काय, असे कोणी विचारील. ज्या निर्मात्याच्या संस्थेने ‘चेंजिंग रूम्स’ घडवला, त्याच पीटर बॅझलजेट यांनी २००० साली मूळचा डच ‘बिग ब्रदर’ ब्रिटनमध्ये आणला. आधी कॅमेरा भिंतीचा रंग पाहायला घरात शिरला. नंतर तो माणसांची भांडणे पाहायला तेथेच मुक्कामाला राहिला. २००६ साली तोच खेळ ‘बिग बॉस’ म्हणून हिंदीत आणि २०१८ साली मराठीत आला. ज्याला ‘घर’ म्हणायचे आणि ज्यात कुटुंब मात्र नाही, असे घर मराठी प्रेक्षकांनीही मिटक्या मारीत पाहिले.

परक्यांना नावे ठेवून मोकळे होणे सोपे आहे. पुण्या-मुंबईत बांधकाम व्यावसायिकाचा ‘सॅम्पल फ्लॅट’ पाहून येणारे कुटुंब स्वतःचे घर त्या नमुन्यात कोंबू पाहते, तेव्हा कोणती वाहिनी त्याला भाग पाडते? दिवाणखान्याच्या रंगसंगतीत बसत नाही म्हणून आजोबांची आरामखुर्ची माळ्यावर जाते. देव्हारा कपाटाच्या एका खणात सरकतो. शिवणयंत्राला जागा उरत नाही आणि चार पाहुणे आले तर जेवायला कुठे बसवायचे, हा पेच पडतो. छताला चोरदिवे मात्र सोळा असतात. परीक्षक कुठेही दिसत नाही. तरीही प्रत्येक खोली जणू त्याच्यासाठीच सजलेली असते.

आपल्या भाषेत घरात राहणाऱ्याला ‘गृहस्थ’ म्हणतात आणि तो एक आश्रम आहे, म्हणजे कर्तव्याचे स्थान आहे. शास्त्राने त्याला रोजचे पाच यज्ञ सांगितले : अध्ययनाचा, देवांचा, पितरांचा, प्राणिमात्रांचा आणि अतिथीचा. कर्मकांड बाजूला ठेवले तरी घराची याहून नेमकी कसोटी सापडणे कठीण आहे. या घरात निवांत वाचायला कोपरा आहे काय? हात जोडावेत अशी जागा आहे काय? गेलेल्या माणसांची एखादी खूण आहे काय? खिडकीत चिमण्यांना दाणे टाकता येतात काय? अवचित आलेल्याला ‘जेवून जा’ म्हणता येते काय? ओटी, माजघर, परसू ही नावेसुद्धा तेथे चालणाऱ्या व्यवहारांनी अर्थ धरून होती. वास्तुशांत करून घराची अनुमती घेणारा आणि वास्तू ‘तथास्तु’ म्हणते म्हणून घरात अभद्र न बोलणारा समाज घराला सजीव मानत होता. सजीवाचा लिलाव मांडताना हात थरथरतो.

सजावटकाराच्या विद्येशी येथे भांडण नाही. ब्रिटनमध्येच जन्मलेले आणि केरळला आपली कर्मभूमी करून भारतीय नागरिक झालेले वास्तुविशारद लॉरी बेकर हे याचे उत्तम उदाहरण. प्रत्येक कुटुंबाची गरज, ऐपत आणि राहणी समजून घेऊन, स्थानिक विटा-कौले वापरून त्यांनी स्वस्त, हवेशीर आणि देखणी घरे उभारली. त्यांच्या कलेला ना परीक्षक लागला ना लिलाव; तेथे राहणारा सुखी झाला की त्यांचे काम झाले.

पुढच्या वेळी पडद्यावर कुणी डोळे मिटून स्वतःच्या खोलीत पाऊल टाकील, तेव्हा भिंतीच्या रंगाकडे पाहण्याआधी त्या माणसाकडे पाहावे. आणि आपल्या घरी सजावटकार मोजपट्टी घेऊन येईल तेव्हा रंगांचे पुस्तक उघडण्यापूर्वी त्याला घरच्या आजीजवळ बसवावे. तिचे गुडघे किती वाकतात, तिला सकाळचे ऊन कुठे लागते, तिची पोथी कुठे असते, हे त्याने आधी विचारावे. ज्याला हे विचारावेसे वाटेल त्याच्या हाती घर खुशाल सोपवावे. ज्याला वाटणार नाही, त्याने खुशाल स्पर्धा जिंकाव्यात. पण त्याच्या हाती घराच्या किल्ल्या देऊ नयेत.