सीमारेषेवरचे सर

फेब्रुवारी १९८८, आझाद मैदान, हॅरिस शील्डची उपांत्य फेरी. दादरच्या शारदाश्रमची दोन पोरं ६६४ धावांची भागी रचत होती: कांबळी नाबाद ३४९, तेंडुलकर नाबाद ३२६. डाव घोषित करा म्हणून सीमारेषेवरून साहाय्यक प्रशिक्षक लक्ष्मण चव्हाण घसा फोडत होते. पोरं तिकडे बघतील तर शपथ! आचरेकर सरांचा फोनवर हुकूम आला, तेव्हाच डाव थांबला. (पोरांनी ऐकलं नाही, ते बरंच झालं म्हणा.) आचरेकरांना १९९० साली द्रोणाचार्य, २०१० साली पद्मश्री मिळाली. चव्हाण सर बहुतेकांना आठवतात ते त्या न ऐकलेल्या हाकांपुरते. हा अंक अशाच दोन नंबरच्या सरांचा: नेट बांधून घेणारे, शंभर झेल देणारे, आणि सामन्याच्या दिवशी स्कोअररशेजारी बसणारे.