तास कुणाचे मोजायचे?

परवा मुशैरिब मेट्रो स्थानकावर एक स्नेही अभिमानाने सांगत होते, "मुलगा शाळेनंतर रोज तीन तास क्लासला असतो. जितके तास, तितके मार्क!" आम्ही प्रयोगशाळेत यंत्र किती तास चालले यावर निष्कर्ष काढत नाही. पेंगुळलेल्या मुलाचा आठवा तास पहिल्याइतका कामाचा कसा असेल? महाराष्ट्र सरकारनेही २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका असे सांगितले, ते मुलांच्या झोपेसाठीच.

पण "तासांना काही अर्थच नाही" असे म्हणणे हा आपल्यासारख्या पोटभरल्यांचा चोचला झाला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने पाचवीपर्यंत वर्षाला किमान २०० दिवस, ८०० तास ठरवले. बीडच्या ऊसतोड कामगाराचे मूल मात्र दिवाळीच्या सुमारास आईबापांमागे फडावर जाते, ते उन्हाळ्याच्या तोंडावर परतते. शाळेचे ८०० तास कागदावर पुरे होतात, मुलाचे होत नाहीत. आणि कायदा मोजतो शाळेचे!

मुलाला आणखी एक क्लास लावण्याआधी, गावाकडचे हंगामी वसतिगृह कोयता निघण्यापूर्वी सुरू झाले का, एवढे तरी विचारू या.