बेल्टआधी फ्रेम बघा

गिऱ्हाईक दुकानात येते, मोबाइलवर बेल्टवर चालणारी सायकल दाखवते आणि म्हणते, "दादा, माझ्या सायकलची चेन काढून हे बसवून द्या." अनेक वाचकांनी हा प्रश्न आमच्याकडे पाठवला आहे. धरमपेठेतल्या शोरूममधून तो आला, तसाच कामठी रोडवरच्या दुरुस्तीच्या दुकानातूनही आला. काहींनी तर बसवायचे झाल्यास मजुरी किती घ्यावी, हेही विचारले आहे. म्हणून या अंकात स्पष्ट सांगतो : आज नागपूरच्या रस्त्यांवर फिरणाऱ्या बहुतेक सायकलींवर बेल्ट बसवायला आपण नकार द्यावा. अडचण फ्रेममध्ये आहे आणि ती दूर करायची जागा कारखाना आहे.

गिऱ्हाइकाची मागणी मात्र रास्त आहे. आपल्याकडे चेनचे काय हाल होतात ते रोज हाताखालून जाते. उन्हाळ्यात सिमेंट रस्त्यांच्या कडेची भुकटी, कोराडी-खापरखेड्याकडे राख, पावसाळ्यात शहराबाहेर पडलो की काळी चिकट माती. ही धूळ तेलात कालवली गेली की चेनच्या पिना आणि बुश घासत राहते. अर्ध्या इंचाच्या चेनच्या चोवीस कड्या नव्या असताना बरोबर बारा इंच भरतात. त्या बारा इंच अर्धा सूत झाल्या की चेन बदलायची, आणि एक सूत वाढेपर्यंत थांबलो तर फ्रीव्हीलही गेले समजायचे. बेल्टला हे दुखणे नाही. पॉलियुरेथेनच्या अंगात कार्बन फायबरचे दोर असतात, त्यामुळे तो जवळजवळ लांबत नाही. तेल लागत नाही, पाण्याने धुतला की स्वच्छ होतो, ओढणी किंवा पँटचा पाय काळा होत नाही. हिंगण्याच्या एमआयडीसीत पहाटेच्या शिफ्टला जाणाऱ्या कामगाराला आणि कॉलेजला जाणाऱ्या मुलीला हे हवेसे वाटले तर त्यात नवल नाही.

ही कल्पना तशी जुनी आहे. जपानमध्ये ब्रिजस्टोनने १९८०च्या दशकातच बेल्टच्या सायकली विकायला काढल्या. इंग्लंडच्या मार्क सँडर्स यांनी आखलेली स्ट्रायडा ही घडीची सायकल १९८७ साली बाजारात आली, तीही बेल्टवरच. आज ज्याचे नाव सगळीकडे घेतले जाते तो अमेरिकेतल्या गेट्स कंपनीचा कार्बन ड्राइव्ह त्यानंतर वीसेक वर्षांनी आला. या सगळ्यांनी फ्रेम आधी बेल्टच्या सोयीने आखली. स्ट्रायडाची चाके तर एकाच बाजूने धरलेली असतात, त्यामुळे बेल्ट बाजूने सरळ आत जातो.

आपल्याकडे येणाऱ्या सायकलीत तो आत जाणार कुठून? चेन तोडून ओवता येते आणि पुन्हा जोडता येते. बेल्ट अखंड असतो. चेनस्टे, सीटस्टे आणि सीटचा पाइप मिळून मागे जो बंद त्रिकोण होतो, त्याला उजव्या बाजूला कुठेतरी फट असल्याशिवाय तो चढतच नाही. ज्या फ्रेममध्ये उजवा सीटस्टे वरच्या किंवा खालच्या टोकाला वेल्डिंगऐवजी बोल्टने बसवलेला आहे, तिथे ही वाट आयती मिळते. म्हणून गिऱ्हाइकाला काहीही सांगण्याआधी सीटखाली आणि आसापाशी नीट बघा. अमेरिकेतली वीर नावाची कंपनी रिव्हेटने जोडायचा तुटक बेल्टही विकते. तो फ्रेम न कापता चढतो, पण दातेरी चाके त्याच कंपनीची लागतात आणि सुटा भाग संपला तर आपल्या बाजारात मिळणार नाही.

राहिला तिसरा मार्ग, सीटस्टे कापून त्यात बोल्टचा जोड घालण्याचा. याविषयी आमचे मत कडक आहे. स्टीलच्या फ्रेमवर हे काम होऊ शकते, पण जिगमध्ये फ्रेम आवळून, कापण्याआधी आणि नंतर ड्रॉपआउटची मापे घेऊन, पितळेचे चांगले ब्रेझिंग करणाऱ्याच्या हातूनच. आपल्या किती दुकानांत फ्रेमचा जिग आहे? अंदाजाने कापलेल्या फ्रेममध्ये मागचे चाक तिरके बसते आणि मग बेल्टच काय, चेनही धड चालत नाही. ॲल्युमिनियमच्या फ्रेमला हात लावू नका. तिची ताकद उष्णताप्रक्रियेतून आलेली असते. वेल्डिंगची आच लागली की त्या जागी ती ताकद जाते आणि पुन्हा भट्टीत घातल्याशिवाय परत येत नाही. कार्बन फ्रेमचा प्रश्नच नाही. सीटस्टेवर बसणाऱ्याचे वजन येते, कॅरिअरवर बसवलेल्या दुसऱ्या माणसाचा भारही त्याच्यावरच. तो जोड भर रस्त्यात सुटला तर जबाबदारी कापणाऱ्याची आहे.

फ्रेमचे जमले असे धरून पुढचा हिशेब करू. आपली साधी काळी रोडस्टर घ्या, पुढे ४४ आणि मागे १८ दाते. म्हणजे पॅडलचा एक फेरा, चाकाचे जवळपास अडीच. बेल्टमध्ये पुढे ५० आणि मागे २० घेतले की गती जवळपास तीच राहते. बेल्टचे पिच ११ मिलिमीटर आणि चेनचे १२.७, त्यामुळे ५० दात्यांचे बेल्टचे चाक सुमारे १७५ मिलिमीटर व्यासाचे होते आणि ४४ दात्यांचे चेनव्हील १७८चे. जागा पुरते, चेनस्टेला घासत नाही. इथपर्यंत सगळे सोपे वाटते. पण बेल्ट ठरावीक लांबीतच मिळतो. ११८ दात्यांच्या बेल्टला ५०-२०च्या जोडीसोबत क्रँकच्या आसापासून मागच्या आसापर्यंत साधारण ४५३ मिलिमीटर अंतर लागते. ११५चा घेतला तर ४३७ आणि १२०चा घेतला तर ४६४. तुमच्या फ्रेमचे अंतर यांच्या मधोमध पडले आणि ड्रॉपआउटची खाच आखूड असली, तर दात्यांची जोडी बदलावी लागते आणि गतीही बदलते. बेल्ट मागवण्याआधी हे अंतर पट्टीने नव्हे, व्हर्नियरने किंवा स्टीलच्या टेपने मोजून वहीत लिहा.

रोडस्टरची खरी गोम याच्या पुढे आहे. तिचे चेनव्हील उजव्या क्रँकला कायमचे बसवलेले असते आणि क्रँक कॉटर पिनवर. बेल्टचे पुढचे चाक बोल्टने बसते, म्हणून क्रँक बदला. क्रँक बदलला की बी.बी.चा ॲक्सल बदला. मागे आट्यांवर चढणारे आपले फ्रीव्हील आहे, तर बेल्टची मागची चाके बहुतेक स्प्लाइनवर किंवा गिअर-हबच्या खाचांवर बसतात, म्हणून हब बदला आणि चाक नव्याने विणा. एवढे करून होणारा खर्च सायकलीच्या किमतीच्या पुढे जातो. गिऱ्हाइकाला हे पहिल्याच दिवशी कागदावर मांडून दाखवा. मागे डिरेलर असलेल्या गिअरच्या सायकलींचे उत्तर आणखी लहान आहे. बेल्ट एका दातेरी चाकावरून दुसऱ्यावर उडी मारत नाही. गिअर हवेत तर ते हबच्या पोटात हवेत, शिमानो नेक्सससारखे. सेमिनरी हिल्सचा चढ सोडला तर नागपूर सपाट आहे, इथे एका गतीची सायकलही खुशाल चालते, हे खरे. पण एकवीस गिअरची सायकल घेतलेल्या मुलाला तुम्ही तिला एक गती करून देणार आहात, हे त्याला आधी कळले पाहिजे.

बसवणाऱ्याच्या हातालाही काही सवयी सोडाव्या लागतील. चेन थोडी तिरकी चालली तरी निभावते. बेल्टची पुढची-मागची चाके मिलिमीटरच्या हिशेबाने एका रेषेत लागतात. चेन अर्धी अडकवून पॅडल फिरवून चढवायची आपली पद्धत बेल्टला मारक आहे. स्क्रूड्रायव्हरने उचकटणे, मुरगाळणे, उलटा वाकवणे यांपैकी काहीही केले की आतले कार्बनचे दोर तुटतात. बाहेरून काही दिसत नाही आणि महिन्याभराने बेल्ट तुटतो. ताण बोटाने दाबून ठरवू नका. बेल्ट छेडला की जो आवाज येतो त्याची कंपने गेट्सचे मोबाइल ॲप हर्ट्झमध्ये सांगते, तंबोऱ्याची तार लावावी तसा तो लावायचा. ताण कमी पडला किंवा फ्रेम जोरात पॅडल मारताना वाकली, तर बेल्ट दात्यांवरून उडी मारतो. म्हणून तर गेट्सने फ्रेमच्या ताठपणाची स्वतंत्र चाचणी ठेवली आहे. उलट ताण फार ठेवला तर बेअरिंग लवकर जाते आणि पॅडलही जड होते. फ्रिक्शन फॅक्ट्स या अमेरिकी प्रयोगशाळेने २५० वॅटच्या जोरावर मोजले तेव्हा बेल्टमध्ये चेनपेक्षा सुमारे एक वॅट जास्त वाया गेला होता. रोजच्या वापरात तेवढा फरक जाणवणारही नाही, पण "बेल्टने सायकल हलकी चालते" असे सांगून विकू नका.

एका बाबतीत मात्र आपली पद्धत बेल्टला सोयीची आहे. आपला पंक्चरवाला चाक न काढता टायर एका बाजूने उचकटून ट्यूब बाहेर ओढतो. बाभळीच्या काट्यांच्या या मुलखात दर पंक्चरला चाक काढावे लागले असते, तर ताण दर वेळी नव्याने लावावा लागला असता.

मग चेनला वैतागलेल्या गिऱ्हाइकाला रिकाम्या हाताने परत पाठवायचे का? मुळीच नाही. एका गतीच्या सायकलला पूर्ण बंद चेनकव्हर बसवा. आपल्या जुन्या रोडस्टरवर ते असायचे आणि त्याच्या आत चेन वर्षानुवर्षे टिकायची. ते खडखडते म्हणून आपणच ते काढून फेकत आलो. पत्रा सरळ केला, क्लिपा आवळल्या की खडखड थांबते. चेन धुवून कोरडी करा, प्रत्येक रोलरवर एक थेंब तेल सोडा आणि वरचे कापडाने पुसून टाका. ओव्हरऑइलिंगच्या वेळी चेनवर तेलाचा डबा उपडा करण्याची रीत आता बंद व्हावी. एवढ्याने बेल्टचा बराचसा फायदा त्याच्या खर्चाच्या अगदी थोड्या भागात मिळतो.

आणि ज्यांच्याकडे फट ठेवण्याची ताकद आहे त्यांना आमचे मागणे आहे. लुधियाना आणि चेन्नईच्या कारखान्यांनी शहरी वापराच्या निदान एका स्टील मॉडेलला उजव्या सीटस्टेच्या टोकाशी बोल्टचा जोड आणि मागेपुढे सरकणारे ड्रॉपआउट द्यावेत. जिगवर फ्रेम तयार होतानाच हे करणे सोपे आहे. आज त्यावर चेन चालेल, उद्या बेल्टचे भाव उतरले तर बेल्ट चढेल. २०२१ मध्ये केंद्राच्या सायकल्स फॉर चेंज उपक्रमात पुरस्कार मिळालेल्या ११ शहरांत नागपूर होते. अशा शहरातून ही मागणी कारीगरांच्या सह्यांनिशी गेली तर तिला वजन राहील.

त्यासाठी मापे हवीत. दुकानात येणाऱ्या रोडस्टर आणि शहरी सायकलींची क्रँकच्या आसापासून मागच्या आसापर्यंतची लांबी, ड्रॉपआउटच्या खाचेची लांबी, मागच्या दोन ड्रॉपआउटमधले अंतर आणि उजवा सीटस्टे कशाने जोडला आहे, एवढ्या चार गोष्टी कंपनी आणि मॉडेलच्या नावासह लिहून आमच्या पत्त्यावर पाठवा. दिवाळी अंकात त्यांचा तक्ता छापू आणि तोच तक्ता कारखान्यांकडे पाठवू.